बिनवासाची बाई

सांगते ते कुणाच्या बापाला पटायचं नाही, आणि पटवून द्यायचा माझा हट्टही नाही. पण माझ्या तरुणपणी अशी काही वर्षं गेली की माझ्या अंगाला वासच नव्हता. चांगला नाही, वाईट नाही, घामाचा नाही, झोपेचा नाही. काचेच्या पेल्याला जसा नसतो तसा. ‘पेल्याला असतो, मावशी,’ आमचे शेजारी घड्याळजी लगेच म्हणाले, कारण त्यांना प्रत्येक गोष्टीचं झाकण उघडून आत बघायची सवय. ‘धुतलेल्या पेल्याला पाण्याचा वास असतो.’ म्हटलं, असेल. मग पेल्याहूनही कमी. घड्याळजींचं दुकान आमच्या दुकानाला लागून आहे. दुकान कसलं, जिन्याखालचं कपाट. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते आपलं स्टूल उचलून आमच्या दारात येऊन बसतात, आणि मग मी बोलते. आमचं दुकान म्हणजे माझ्या मुलीचं. ती कपडे दुरुस्त करते. कोटाची अस्तरं, पँटची उंची, चेन, काजं. मी बटणं लावते आणि गोष्टी सांगते. बटणं हल्ली वाकडी लागतात. गोष्टी पहिल्यापासूनच.

आज ही गोष्ट मी काढली ती उगाच नव्हे. समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई दुपारी कोट न्यायला आल्या होत्या. जुन्या गिऱ्हाईक. हसल्या की पहिल्या मजल्यावर ऐकू जाईल असं हसणं. कपडा हातात पडला की आधी आरशापुढं उभं राहून अंगात घालायच्या, गिरकी घ्यायच्या, ‘तुझ्या हातात जादू आहे गं’ म्हणायच्या आणि तसाच घालून रस्ता ओलांडायच्या. मागच्या खेपेला गप्पा मारता मारता त्यांनी माझ्या मुलीला विचारलं होतं, तुम्ही मूळच्या कुठल्या, घरी कोण काय करायचं. माझ्या मुलीची ही खोड आहे, विचारलं की सांगते. दातात टाचणी धरून म्हणाली, ‘नाल्यापलीकडे सफाईवाल्यांची वस्ती आहे ना, तिथल्या. आजी गटारं साफ करायची. आमच्या जातीच्या बायका सगळ्या तेच करायच्या.’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ‘हो का? बाई बाई, किती कष्ट.’ आज त्यांनी कोट घेतला, नव्या अस्तरावरून हात फिरवला, आणि खरबूज घेताना माणूस हुंगून बघतो तशी कोटाची कॉलर नाकापाशी नेली. क्षणभरच. मग हसल्या, पण पहिल्या मजल्यापर्यंत पोचेल असं नाही. ‘छान झालंय. घरी घालून बघते. दुरुस्तीचा कपडा मी एकदा धुऊनच घालते हो, सवय आहे.’ असली सवय त्यांना कधीच नव्हती. बोलावून कुणी विचारपूस न केलेल्या पाहुण्यासारखा आरसा कोपऱ्यात उभा राहिला.

मुलगी ‘बरं’ म्हणाली. बाई गेल्या. मशीन मात्र सुरू होईना. मी मान वर न करता बघितलं. माणसानं मान वर न करता बघायचं ठरवलं की सगळं दिसतं. तिनं कोपर उचललं आणि स्वतःची बाही हुंगली. पटकन, बाहीवरचा दोरा झटकावा तशी. मग मशीन सुरू केलं. ती हालचाल माझी होती. जगात कुणी केली नसेल इतक्या वेळा मी ती केली आहे, बसमध्ये, जिन्यात, लोकांशी बोलता बोलता, झोपेतसुद्धा. वाटलं, संपलं, आता हीही लागली त्या वाटेला. तिला काही म्हणायची माझी छाती नव्हती. आई मुलीला सरळ काही सांगू शकत नाही, म्हणून शेजाऱ्याला सांगते. मी घड्याळजींना म्हटलं, बसा, आज असं सांगते की तुमची सगळी घड्याळं बंद पडतील. ते म्हणाले, ‘ती तशीही बंदच आहेत, म्हणून तर माझ्याकडे येतात.’

आमच्या आईपासून सुरुवात करायला हवी, कारण वासाची सुरुवात तिच्यापासून. तिच्या कामात नाक मेलेलं बरं, असं वस्तीतल्या बायका म्हणायच्या. बाकीच्यांची मरायचीही. हिचं मात्र दगडावर सुरी घासावी तसं धारदार होत गेलं. कामावरून आली की नळाखाली बसून हातपाय घासायची, डोक्यावरून पाणी घ्यायची, आणि मग आम्हा पोरांना एकेकाला मांडीवर ओढून केसांत नाक खुपसायची. ‘हा खोटं बोलून आलाय. ही रडून आलीय, पण कुणाला सांगणार नाही. ह्याला उद्या ताप येणार.’ यायचा. कचऱ्याच्या डब्यावरून सांगायची, तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांची नोकरी गेलीय आणि बायकोला अजून पत्ता नाही. ‘डब्यावरून?’ घड्याळजी म्हणाले. डब्यावरूनच. बायकोला सांगायला मात्र जाता येत नव्हतं, कारण त्या जिन्यावर आमच्या आईला पाय ठेवायची बंदी होती. डबा खाली यायचा, आई वर जायची नाही. सगळ्या इमारतीची गुपितं तिला ठाऊक आणि इमारतीतल्या एकालाही तिचं तोंड ठाऊक नाही. माझ्या डोक्याला म्हणे उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाणी पडलं की जो वास सुटतो तो यायचा. नाक खुपसायची आणि म्हणायची, ‘आली माझी ठमी, पत्र्यावर पाणी पडलं.’ ठमी मला तिनंच म्हणायचं. दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी चावायची.

पुढं मी साबणाच्या कारखान्यात लागले, तीही विचार करून. आपली अक्कल बघा. म्हटलं, जिथं शंभर बायका सकाळपासून गुलाबाच्या वासात गळ्यापर्यंत बुडालेल्या, तिथं माझा वास हुंगायला कुणाला सवड? वड्या गुंडाळायच्या टेबलावर काम होतं. एकीनं वडीखाली कागद धरायचा, दुसरीनं डावी घडी घालायची, तिसरीनं उजवी, चौथीनं चिकटवायचं. वडी हातातून हातात जायची, टेबलाला टेकायचीच नाही, म्हणून काम पाण्यासारखं वाहायचं. मी तिसरी. दुसरी होती ती गोरीपान, बोलकी, दिवसभर नवऱ्याच्या नकला करणारी. माझ्या हातात वडी देताना तिची बोटं माझ्या बोटांना लागायची, गरम, साबणानं निसरडी. मला ते फार आवडायचं. असं काही आवडतं हे कुणाला सांगायचं नसतं, पण आवडायचं. एक दिवस तिनं विचारलं, ‘तू कुठल्या थांब्यावर उतरतेस गं?’ मी नवी होते, सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिचं स्टूल वीतभर पलीकडे सरकलेलं होतं. वीतभरच. तिनं घडी घातली आणि वडी माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली. मी टेबलावरून उचलली. पुढचीही तशीच. त्यानंतरचीही. तेवढ्या टेकण्या-उचलण्यानं आमची रांग मंदावली आणि देखरेखीच्या बाई माझ्यावर ओरडल्या, ‘ए तिसरी, हात जड आहे तुझा.’ जिचा हात मागं सरला ती दुसरी, पण जड ठरला तो तिसरीचा. वास येतो असं कुणी म्हणालं असतं तर झिंज्या धरून भांडले असते, भांडणात आम्हाला कुणी हरवायचं नाही. पण कुणी काही म्हणालंच नव्हतं. सरकलेल्या स्टुलाशी भांडता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणालं, ‘खिडकी उघडा गं, कोंडल्यासारखं होतंय.’ साबणाच्या कारखान्यात! हसू नका, घड्याळजी. तुम्ही हसलात की मलाही हसू येतं, आणि मग गोष्ट सैल पडते.

मग मी घासायला लागले. मोडक्या वड्या कामगारांना घरी नेता यायच्या. त्या नेऊन पहाटे घासायची, परत येऊन घासायची. नखांखाली, कानांमागं, गुडघ्यांच्या मागं, जिथं स्वतःचे डोळे पोचत नाहीत तिथं. वज्रीनं टाचा आणि तिनंच कोपरं. आई बघायची. एकदाच म्हणाली, ‘ठमे, चामडी काय उलटी करून घालणार आहेस?’ लग्न झाल्यावर मी थांबा बदलला, वस्ती बदलली, बोलणं बदललं, दुसऱ्या खात्यात बदली मागून टेबल बदललं. आणि एक दिवस सवयीनं मनगट नाकाशी नेलं तर काही नाही. पुन्हा नेलं. काही नाही. कोऱ्या कागदाला कागदाचा वास येतो, मला तेवढाही नव्हता. मी आनंदानं स्वयंपाकघरात एकटीच नाचले. भानगड दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. गल्लीतलं कुत्रं, जे रोज माझ्यामागं थांब्यापर्यंत यायचं, ते माझ्यावर भुंकलं. आठवड्यानं भुंकायचंही थांबलं, मी नसल्यासारखं माझ्या पायांवरून चालत गेलं. मांजर माझ्या मांडीवर येऊन झोपायचं, पण खुर्ची समजून. मी हलले की दचकून पळायचं. डास यायचे बंद झाले. ‘डास वासावर नाही, मावशी, श्वासावर येतात,’ घड्याळजी म्हणाले. म्हटलं, मग मी तोही कमी केला असेल. त्यावर ते हसले नाहीत. मशीनही जरा हळू झालं असं मला वाटलं, पण मशीनचं काय, पेडलवर पाय असतो, पायाच्या मनात काय आहे ते कुणाला कळतं?

नव्या टेबलावर पहिल्याच दिवशी शेजारणीनं वडी थेट माझ्या हातात दिली. बोटांना बोटं लागली. तेवढ्यासाठी तर सगळी खटपट केली होती. पण ती बोटं कुणाच्या बोटांना लागली होती? मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. ती जिला वडी देत होती ती बाई मी बनवलेली होती, थांब्यासकट, आणि ती माझ्याच स्टुलावर बसून माझंच काम करत होती, आणि मी तिच्या आत कुठंतरी जागा धरून बसले होते, सिनेमाला उशिरा आलेल्या माणसासारखी, कुणाचा पाय तुडवला जाऊ नये म्हणून अंग चोरून. टेबलावर कधी नाल्यापलीकडच्यांचा विषय निघायचा. कुणी नाकाला पदर लावायची नक्कल करायची, सगळ्या हसायच्या. मीही हसायची. माझं हसू जरासं उशिरा निघायचं, आणि सगळ्यांचं थांबल्यावर एकटंच थोडा वेळ टेबलावर राहायचं. त्या बायका वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. मला बरं नसलं की माझ्या वाटणीचं काम उरकायच्या, लग्नाकार्याला बोलवायच्या, माझ्या वेणीची तारीफ करायच्या. आणि जितक्या त्या चांगल्या वागत तितकं मला वाटायचं, हे सगळं तिला चाललंय, त्या बनवलेल्या बाईला. माझ्यापर्यंत काही येत नाही.

घरी आमचे हे. बस चालवायचे. आमच्यातलेच, पण बाहेर ते बोलायचं नाही असं आमचं ठरलेलं. घराला दोन कुलपं, एक दाराला आणि एक तोंडाला. ते पाळी संपवून डोळे मिटून पडलेले असायचे आणि मी कामावरून येऊन दार ढकलून आत जायची. ते उठायचे, माझ्या बाजूनं जाऊन दार लावायचे आणि म्हणायचे, ‘वाऱ्यानं उघडलं वाटतं.’ मी म्हणायची, ‘अहो, मी आहे!’ ‘अरेच्चा, तू होय,’ म्हणायचे, मग आम्ही दोघंही पोट धरून हसायचो. पहिलं वर्षभर हसलो. पुढं मी ‘मी आहे’ म्हणायचं सोडलं आणि त्यांनी दचकायचं. फार चांगला माणूस. लवकर गेले.

आणि ही. आता मशीनवर बसलीय ना, ही. जन्मली तेव्हा माझ्या छातीशी तोंड लावायची नाही. तोंड फिरवायची आणि चुकीच्या दारात आलेल्या पाहुणीसारखी माझ्याकडे बघायची, म्हणजे उठू की बसू. रडून रडून निळी व्हायची. शेवटी आईनं भावाबरोबर आपली जुनी चादर पाठवली, वर निरोप, ‘धुवू नकोस म्हणावं.’ तिच्यात गुंडाळली आणि पोर गप्प. दूध प्यायली, झोपली. मी बसून राहिले. मुलगी माझी, दूध माझं, आणि शांत झाली ती माझ्या आईच्या वासात. कुणी घरी आलं की ती चादर मी ट्रंकेच्या तळाशी ढकलायची. एकदा मन घट्ट करून भिजत घातली, तर पोरीनं घर डोक्यावर घेतलं. तशीच अर्धवट ओली बाहेर काढली आणि पुन्हा कधी पाण्याला दाखवली नाही. ही त्या चादरीतच वाढली. तिला वास कसला होता म्हणून विचारू नका. माझं नाकसुद्धा तोवर साबणाचं झालं होतं. आई आमच्याकडे कधी आली नाही. ‘तूच येत जा,’ म्हणायची. येऊ नकोस असं मी तिला कधी म्हटलं नाही हो. असं कोण म्हणतं? मी फक्त बसचा नंबर सांगायचं लांबवत गेले, आणि तिनं विचारायचं सोडलं. मग माझंही जाणं कमी झालं, कारण तिथून आलं की मला घासावं लागायचं, आणि वास नसलेल्या अंगाला घासण्यासारखं दमवणारं काम दुसरं नाही.

भावाचा निरोप आला की आईची नजर गेली आहे आणि आता ती फार दिवस काढेल असं दिसत नाही. ही तेव्हा शाळेत जाऊ लागली होती. हिला घेऊन निघाले. वाटेत मला एकच भीती. डोळे गेले तर गेले, आमच्या आईनं माणसं डोळ्यांनी ओळखलीच कुठं होती? पण तिनं नाक उचललं आणि विचारलं ‘कोण?’, तर मी काय सांगणार? नाव सांगून काय होतं, नाव काय कुणीही सांगेल. सगळ्या जगानं मला ओळखू नये म्हणून मी जन्म घालवला, आणि आता एका म्हाताऱ्या बाईनं ओळखावं म्हणून मी बसचे थांबे मोजत होते. हिला मात्र कसली फिकीर नव्हती. नाल्याच्या पुलावरून उड्या मारत चालली होती, आणि वस्तीतली कुत्री हिच्याभोवती शेपट्या हलवत. खोली होती तशीच. दुपार होती, दारातून उन्हाचा पट्टा खाटेपर्यंत गेला होता. आई भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे, पण कुणी न राहणाऱ्या घराच्या खिडक्यांसारखे. शेजारीण आत आली तर म्हणाली, ‘पाय ओले घेऊन आलीस, पूस आधी.’ भावजयीला म्हणाली, ‘आज नवऱ्याशी बोलत नाहीस वाटतं.’ भावजय लाजली. म्हणजे नाक शाबूत होतं, आणि माझी वेळ आली होती.

‘मग?’ घड्याळजी म्हणाले. स्टूल पुढं ओढून ते जवळजवळ दुकानात आले होते.

मग काय, घड्याळजी! हेच तर कुणाला पटत नाही. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा अवकाश, आईनं मान वर केली. साबणाच्या हजार वड्या माझ्या अंगावर झिजलेल्या, कुत्र्यांनी मला सोडलेलं, नवऱ्यानं मला वारा समजून दारं लावलेली, आणि त्या बाईनं मान वर केली, हसली, आणि दोन्ही हात पुढं केले. ‘आलीस का गं, ठमे?’ मला ओढून मांडीवर घेतलं, एवढ्या मोठ्या बाईला, आणि केसांत नाक खुपसलं. किती वेळ तरी काढलंच नाही. म्हणाली, ‘पत्र्यावर पाणी पडलं.’ खोलीत सगळे रडत होते. तेव्हापासून माझा वास परत आला. म्हणून सांगते, कुणी कितीही हुंगो, कुणी कितीही घासो, आईच्या नाकातून माणूस जात नाही. हे मी घड्याळजींकडे बघून सांगितलं, पण सांगितलं कुणाला ते त्यांनाही कळलं असावं, कारण ‘वा, मावशी’ म्हणताना त्यांनी मशीनकडे बघितलं. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की मांडीवरचं ते ऊबदार कापड मला गालाला लागतं. नेहमी इथं आलं की मशीन जोरात सुरू होतं, मी सुईत दोरा ओवते आणि दुपार पुढं सरकते. आज मशीन थांबलं. मुलीनं पेडलवरचा पाय काढला, दातातली टाचणी काढून उशीत खोचली, आणि माझ्याकडे वळून बसली. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

‘आई, खोटं,’ ती म्हणाली. ‘मांडीवर मी होते. आजीनं हात पुढं केले ते माझ्यासाठी. ठमी मला म्हणाली ती, आणि पत्र्यावर पाणी माझ्या डोक्याला. म्हणून तर मी अजून बाही हुंगते मधूनमधून, तो वास आहे ना बघायला. तू दारात उभी होतीस. चपलासुद्धा काढल्या नव्हत्यास. पुलाखाली जाऊन हातांना, मानेला चिखल चोळून आली होतीस, मी पाहिलं होतं वरून. तशीच उभी राहिलीस, काही न बोलता. आणि आजी मामीला म्हणाली, दार लावून घे गं, वारा आत येतोय.’